तांब्याभर पाण्याची परीक्षा

भिलाईत रंगाऱ्याचा हात तयार होतो तो लोखंडावर. १९५९ मध्ये इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली. गंज खरवडा, रेड ऑक्साइडचा एक हात मारा, वर रंग द्या, ही रीत पोलादाच्या गावात कोहका वस्तीच्या गल्लीबोळांतल्या गेट-ग्रिलपर्यंत मुरलेली आहे आणि लोखंडासाठी ती रास्तही आहे. पण अ‍ॅल्युमिनियमची जुनी नाव अंगणात पालथी घालून हीच रीत लावली, तर रंगाचे पोपडे निघतात आणि बोल लागतो रंगाच्या डब्याला. माझ्या मते डबा बहुधा निर्दोष असतो. चूक त्याआधीच, पत्रा घासताना झालेली असते.

लोखंडाचा गंज सैल असतो, पाणी धरून ठेवतो. अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणजे आजीच्या भाषेतल्या ‘जर्मन’चं, तसं नाही. ते उघडं पडताक्षणी स्वतःवर ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा घट्ट पापुद्रा चढवतं. तो पत्रा राखतो, पण रंगाला नीट पकड देत नाही. कल्हईवाला तापल्या भांड्याला नवसागर लावून ते लख्ख केल्याशिवाय कथील फिरवत नाही, इथेही तेच. जुना रंग काढा, थिनरने तेलकटपणा पुसा, मग नायलॉनच्या घासणीने पत्रा एकसारखा खरखरीत करा. स्टील वूल नको, लोखंडावर चाललेली ग्राइंडरची चकती तर नकोच. त्यांचे लोखंडी कण मऊ पत्र्यात रुततात, तिथे तपकिरी ठिपके उमटतात आणि भोवतीचं अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. जुना प्रायमर पिवळट हिरवा दिसला तर तो झिंक क्रोमेट असू शकतो; त्याची धूळ कर्करोगाला कारण ठरते, तेव्हा चांगला मास्क लावून ओलं करूनच घासा. पत्रा स्वच्छ धुऊन सुकला की त्याच दिवशी एचिंग प्रायमरचा पातळ हात द्या. त्यातलं फॉस्फरिक आम्ल पत्र्याला किंचित चावतं, आणि त्या चाव्यावरच पुढचा रंग तगतो.

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, मग रंग हवाच कशाला, असं कोणी विचारेल. प्रश्न बरोबर आहे. शिवनाथ नदीच्या गोड्या पाण्यात नावेच्या बाजू उघड्या ठेवल्या तरी चालतं, आणि अर्धवट घासून रंगवण्यापेक्षा ते केव्हाही बरं. पण लोखंडी नट बसतो तिथे, ओलं लाकूड किंवा चिखल टेकून राहतो तिथे पांढरी भुकटी धरते आणि पत्र्याला बारीक खड्डे पडतात. तिथे रंग लागतोच. समुद्रातल्या बोटींचा तांबं असलेला रंग मात्र दुकानदाराने कितीही वाखाणला तरी घेऊ नका. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम पाण्यात एकत्र आले की झीज अ‍ॅल्युमिनियमची होते. राहिला एचिंग प्रायमरच्या किमतीचा आक्षेप. तो महाग पडतो हे खरं, पण पोपडे काढून सगळी नाव पुन्हा घासायची मजुरी त्याहून जड जाते.

म्हणून प्रायमरचा डबा उघडण्याआधी घासलेल्या पत्र्यावर तांब्याभर पाणी ओता. पाणी सलग पसरून राहिलं तर पत्रा तयार आहे. थेंब गोळा होऊन ओघळले, तर तेल अजून तिथेच आहे. त्या दिवशी ब्रश हातात घेऊ नका.