बदकाची पिसं

बदक साफ करणं हे कोंबडी साफ करण्यापेक्षा फार वेगळं काम आहे. कोंबडी कढत पाण्यात बुडवून मिनिटभर फिरवली की पिसं मुठीमुठीनं निघतात. बदकाच्या अंगावर पाणी ठरतच नाही. शेपटीच्या मुळाशी त्याची तेलाची गाठ असते, त्यातलं तेल चोचीनं घेऊन ते पिसांना लावत असतं. वरच्या पिसांखाली पुन्हा दाट, मऊ लव. मग पाणी कितीही तापवा, ते कातडीपर्यंत पोचत नाही. हे मला खापरला शेजारच्या आजींनी शिकवलं.

खापर हे अक्कलकुवा तालुक्यातलं, गुजरातच्या सीमेजवळचं बाजाराचं गाव. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचं. महाशिवरात्रीला सीमेपलीकडे सागबारा तालुक्यात देवमोगरा मातेची, म्हणजे याहा मोगीची जत्रा भरते. त्या दिवसांत या रस्त्यावर माणसांची रीघ लागते आणि घरोघरी पाहुणे उतरतात. मी इथल्या शाळेत शिकवायला आले तेव्हा आजींच्या अंगणात कोंबड्यांबरोबर बदकंही होती. पाहुणे आले की एखादं कापलं जाई. "बाई, नुसतं बघून येत नाही, हात लावा," असं म्हणून त्यांनी मला पहिल्यांदा शेजारी बसवलं.

आजी बदक आधी कोरडंच सोलायला घेत. अंग गरम असतानाच, कारण थंड झालं की पिसं घट्ट धरतात. पंखांची जाड पिसं पहिल्यांदा, एकेक करून, मुळाशी धरून ओढायची. मग छाती. तिथली कातडी नाजूक, म्हणून डाव्या हातानं ती ताणून धरायची आणि उजव्या हातानं थोडीथोडी पिसं उपटायची. घाई केली की कातडी फाटते, आणि एकदा फाटली की खालची चरबी भाजताना गळून जाते. वरची पिसं गेली की लव उरते. ती बोटांत येत नाही, निसटते. आजी त्यावर चुलीतली चाळलेली राख चोळत, मासे साफ करताना चोळतात तशी. राखेनं तेल धरलं जातं, बोटांना पकड मिळते. पावसाळ्यानंतर नवी पिसं फुटत असतात, त्यांचे काळे खुंट कातडीत रुतून बसतात. ते सुरीचं पातं आणि अंगठा यांच्यात धरून काढावे लागतात. हे सगळ्यांत कंटाळवाणं काम, आणि आजी ते कधीच अर्धवट सोडत नसत.

मग तुराट्यांचा जाळ. बदक पाय धरून जाळावरून फिरवत राहायचं, एका जागी थांबायचं नाही. उरलेली लव जळते, चरबीचे थेंब पडून जाळ भडकतो. काळं झालेलं सुरीनं खरवडायचं, हळद-मीठ चोळायचं, धुवायचं. शेपटीजवळची पिवळी गाठ खोलवर कापून टाकायची. ती राहिली तर सगळ्या रश्शाला उग्र वास येतो, मग मोलगीची मिरची घाला की आणखी काही. शेवटी छातीच्या हाडाखाली आडवा छेद देऊन आतलं सगळं एकदम बाहेर काढायचं. कलेजीला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही. तिच्यासोबत कलेजीचा थोडा तुकडा गेला तरी चालेल.

आजींचे थोरले दीर अंगणात खाटेवर बसून हे बघत. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणत असू. तरुणपणी त्यांनी रानबदकं खाल्ली होती, साफही केली होती. हळदीकुंकू बदक कधीही मिळे, बाकीची हिवाळ्यात येणारी. ते सांगत, बंदुकीनं मारलेलं बदक साफ करणं सर्वांत कठीण. छर्रा आपल्याबरोबर पिसांचा पुंजका मांसात घेऊन जातो. तो शोधून काढावा लागतो, नाहीतर भोवतालचं मांस नासतं. शिशाचा छर्रा दाताखाली आला तर दात जायचा, आणि शिसं पोटात जाणं त्याहून वाईट. पेटा कापायचा मान मात्र बाबांचा असे. आतली जाड पिवळी साल सोलायच्या आधी ते त्यातलं बोटानं पसरून बघत: भाताचे दाणे, गवताचं बी, शंखांचे तुकडे, वाळूचे खडे. पक्षी कुठल्या पाण्यावर चरला होता हे त्यावरून ओळखता येई, असं ते म्हणत. घरच्या बदकाच्या पेट्यातही ते त्याच बारकाईनं बघत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंधनं घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्याची वाटही बंद केली. मला हे योग्य वाटतं. शेकडो कोस उडून आपल्या तळ्यावर उतरलेला पक्षी तिथेच राहावा. त्याला साफ करण्याचं कसब घरच्या बदकावर शाबूत राहतं, हे मी आजींच्या अंगणात पाहिलं आहे.

फेब्रुवारी २००६ मध्ये मात्र या कामाकडे बघायची माझी नजर बदलली. आमच्याच जिल्ह्यात, नवापूरच्या पोल्ट्रीत, देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. १८ तारखेला बातमी आली, महाशिवरात्र आठवड्यावर होती. नवापूर भागात लाखांनी कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. त्या वर्षी आजींच्या अंगणात काहीच कापलं गेलं नाही. त्याच सुमारास तिकडे अझरबैजानमध्ये सल्यान भागातल्या काही बायकामुलींनी मेलेल्या रानहंसांची पिसं काढली होती. त्या देशात तेव्हा ८ जणांना लागण झाली आणि ५ जण दगावले. हे नंतर वाचलं तेव्हा मला आमचं अंगण आठवलं: उडणारी लव, नाकातोंडाशी येणारी, आणि भोवती बसलेली मुलं. नीट शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. धोका असतो तो आजारी पक्षी कापताना, सोलताना, पोट साफ करताना. २०२१ मध्ये नवापूरला हा रोग पुन्हा आला, पुन्हा लाखांनी पक्षी मारावे लागले.

आता मी घरचं निरोगी बदक साफ करायला बसले तरी नाकातोंडाला फडकं बांधते, मुलांना पिसांशी खेळू देत नाही, पिसं आणि आतडी खड्ड्यात पुरते, हात साबणानं धुते. आजींना सुरुवातीला हे जास्तीचं वाटलं, पुढे त्याही पदर बांधून बसू लागल्या.

माझं एवढंच मागणं आहे. खुराड्यात अचानक पक्षी मेले, किंवा तळ्याच्या काठी मेलेलं बदक, बगळा, काहीही दिसलं, तर फुकट मिळालं म्हणून ते सोलायला घेऊ नका. हात लावू नका, मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा.