ध्रुवाकडे जाणारी नौका निवडताना

नॉर्वेचा किनारा बर्गनपासून किर्केनेसपर्यंत समुद्रमार्गे पाहावयाचा, आणि तोही थोरल्या बहिणीला सोबत घेऊन पाहावयाचा, हा संकल्प आमच्या घरी एकदा पक्का झाल्यानंतर परवाने, रजा, खर्चाची तरतूद इत्यादी बाबी यथावकाश मार्गी लागल्या; परंतु एकाच मार्गाने, एकाच वेळापत्रकाप्रमाणे, त्याच चौतीस बंदरांना लागत जाणाऱ्या दोन कंपन्यांच्या नौकांपैकी कोणती घ्यावी, हा प्रश्न मात्र आमच्या पुण्याच्या घरातील जेवणाच्या मेजावर कित्येक संध्याकाळी ठाण मांडून बसला होता. मेजावर एका बाजूस ‘रिचर्ड विथ’ या जुन्या नौकेचे मजलेनिहाय आराखडे असत, दुसऱ्या बाजूस ‘हाविला कॅपेला’ या नव्या नौकेचे; आणि मध्ये ताईचा चष्मा व तिचे पंचांग.

या मार्गाची हकिकत थोडी सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून आमच्या निवडीचे मर्म कळणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ट्रॉन्डहाइमहून हामरफेस्टला पाठविलेले पत्र उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी आणि हिवाळ्यात पाच-पाच महिन्यांनी पोहोचत असे, कारण हजारो बेटांनी व बुडालेल्या खडकांनी भरलेल्या त्या किनाऱ्यावर काळोखात जहाज हाकारण्याचे धाडस कोणी करीत नव्हते. ते काम रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने अंगावर घेतले. आपल्या वाटाड्यासह त्याने वर्षानुवर्षे होकायंत्राच्या दिशा, वेग आणि वेळ यांच्या बारकाईने नोंदी ठेविल्या, त्यांच्या भरवशावर सरकारी टपालाचा करार स्वीकारला, आणि २ जुलै १८९३ रोजी त्याची ‘वेस्टेरालेन’ ही आगबोट ट्रॉन्डहाइमहून निघाली, ती ६७ तासांत हामरफेस्टला पोहोचली. तेव्हापासून हुर्टिगरूटेन या नावाने चालत आलेली ही सेवा आजही सरकारी करारानेच चालते. मात्र २०२१ पासून त्या कराराची विभागणी होऊन सात नौका हुर्टिगरूटेनकडे राहिल्या व चार नौकांचा वाटा हाविला या नव्या कंपनीकडे गेला. दोघींच्याही नौका प्रवासी नेतात, तसा मालही नेतात. एका गावाहून दुसऱ्या गावी काही तासांसाठी जाणारा स्थानिक माणूस त्यांवर चढतो आणि उतरतो. नाचगाण्याचे रंगमंच व जुगारखाने घेऊन फिरणाऱ्या तरंगत्या नगरांशी त्यांचे नाते फार दूरचे आहे.

हेच ताईला भावले होते. तिचे बालपण जयगडला गेले. मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने येणारी बोट खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून उभी राहावयाची, किनाऱ्यावरून पडाव भरभरून माणसे, ट्रंका, आंब्यांच्या पेट्या तिच्याकडे जावयाच्या, आणि मुंबईचे पत्र, मुंबईचे कापड, मुंबईचा मामा हे सारे त्याच पडावातून परत यावयाचे. पावसाळा लागला की ही वाहतूक बंद पडून गाव जगापासून तुटल्यासारखे होई. ती किनारी सेवा आज उरलेली नाही. ज्या देशाने आपली अशी सेवा बारमाही, आणि ध्रुववृत्तापलीकडच्या हिवाळ्यातही, अखंड चालू ठेविली, तो देश तिच्याच एखाद्या बोटीवरून पाहावा, ही ताईची इच्छा मला अगदी रास्त वाटली, आणि आजही वाटते.

आता नौकांकडे वळतो. ‘रिचर्ड विथ’ १९९३ साली जर्मनीतील श्ट्रालझुंड येथे बांधलेली, सुमारे १२२ मीटर लांब व ११,२०० टनांच्या आसपासची. ‘कॅपेला’ तुर्कस्तानात बांधलेली, २०२१ च्या डिसेंबरात या मार्गावर दाखल झालेली, लांबीला जुनीहून दोनच मीटर अधिक, पण रुंदीला तीनएक मीटर अधिक आणि १५,५०० टनांच्या घरातली. ज्या प्रवासव्यवस्थापकाकडे आम्ही प्रथम गेलो, त्याने छायाचित्रे पुढे ठेवून नव्या नौकेची शिफारस केली: केबिनी प्रशस्त, स्नानगृहे नवी, काचा मोठ्या. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. तथापि नौकेचे छायाचित्र म्हणजे वधूवरसूचक मंडळातील छायाचित्र होय; त्यात घर चालविण्याचा गुण दिसत नाही. म्हणून दापोलीकडचे आमचे एक आप्त, ज्यांनी व्यापारी जहाजांवर मुख्य अभियंता म्हणून सारी हयात घालविली, त्यांच्यापुढे मी दोन्ही आराखडे नेऊन ठेविले.

काकांनी पहिला प्रश्न केला तो असा की, बोट कोणाकोणाला लागते? माझ्या पत्नीला लागते, असे सांगताच त्यांनी नकाशा मागितला आणि या मार्गावर बेटांचा आडोसा कुठे कुठे सुटतो ते बोटाने दाखविले: स्टाडचे भूशिर, हुस्टाडविकाचा उघडा पट्टा, बोडो सोडल्यावर लोफोटेनकडे जाताना ओलांडावा लागणारा वेस्टफियोर्ड, आणि उत्तर भूशिराच्या पूर्वेस बॅरेंट्स समुद्र. बाकी सारा प्रवास बेटांच्या आडून, जवळजवळ खाडीतून चालल्यासारखा. दोन्ही नौकांची लांबी सारखीच असल्याने या उघड्या पट्ट्यांत दोघीही हलणार, एक थोडी कमी, एक थोडी अधिक. तेव्हा खरा उपाय नौका बदलण्यात नसून केबीन नौकेच्या मध्यावर आणि शक्य तितकी खाली घेण्यात आहे, असे त्यांचे मत पडले. हे मत पुढे आमच्या दुसऱ्या एका गरजेशी भांडणार होते.

आहाराचा प्रश्नही लहान नव्हता, कारण ताई मासळी तर राहोच, अंडेही खात नाही, आणि नॉर्वेच्या किनाऱ्यावरील स्वयंपाकघराचा सारा भर कॉड, हेरिंग व सामन यांवर. हाविलाच्या नौकांवर मांडून ठेवलेल्या जेवणाची पद्धत नाही. प्रत्येक पदार्थ यादीतून मागवून मेजावर येतो, त्यामुळे अन्न वाया जात नाही, आणि हे तत्त्व मला मनापासून आदरणीय वाटते. हुर्टिगरूटेनवर न्याहारी आणि दुपारचे जेवण मांडलेले असते, रात्रीचे वाढले जाते. ताईसारख्या माणसाला पदार्थ डोळ्यांनी पाहून, दोन पावले चालून, हवे ते व हवे तेवढे घेता येणे, यात जे स्वास्थ्य आहे ते यादीत नाही. दोन्ही कंपन्यांना आगाऊ कळविले तर शाकाहाराचा बंदोबस्त होतो, म्हणून या मुद्द्याचे वजन मी फार धरले नाही. मेतकूट व भाजणी तर आमच्या सामानात असणारच होती.

माझे स्वतःचे मन मात्र नव्या नौकेकडे ओढ घेत होते, आणि त्याचे कारण तिच्या उदरातील बॅटऱ्या. कॅपेला नैसर्गिक वायूवर चालते आणि तिच्यावर ६.१ मेगावॉट-तास क्षमतेचा, ८६ टन वजनाचा बॅटरीसंच आहे. त्याच्या बळावर ती चार तासांपर्यंत धूर व इंजिनाचा आवाज यांवाचून जाऊ शकते. तिच्याच जातीच्या ‘कॅस्टर’ने २०२२ च्या जूनमध्ये गायरांगरच्या फियोर्डात असा प्रवास करून दाखविला. जागतिक वारशात गणलेल्या त्या अरुंद जलमार्गात, दोहों बाजूंनी कोसळणाऱ्या धबधब्यांचा ध्वनी इंजिनाच्या घरघरीवाचून ऐकू यावा, याहून रम्य कल्पना कोणती? ‘रिचर्ड विथ’वरही २०२२ साली नवी इंजिने व बॅटऱ्या बसविल्या आहेत, पण त्या इंजिनांवरील ताण व इंधन कमी करण्यापुरत्या. हा गुण मी मोठ्या आवेशाने घरी मांडला. ताईने शांतपणे वेळापत्रकाचा कागद माझ्यापुढे सरकविला. गायरांगरला या नौका उन्हाळ्यात जातात, आणि आम्ही जाणार होतो मार्चमध्ये. त्या ऋतूत तिथले बंदर मार्गावरच नसते. ज्या ठिकाणी तो गुण सर्वांत शोभला असता, ते ठिकाण आमच्या वाट्याला येणारच नव्हते.

मार्च निवडण्याचे कारण ताईच होती. ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या आकाशदर्शनांना जाऊन जाऊन तिने आकाश पाठ केलेले. पुण्याहून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर दिसतो. होनिंग्सवोगला तो ७१ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर येतो, आणि तो तसा एकदा पाहावयाचा, ही तिची अनेक वर्षांची मनीषा. शिवाय ध्रुवीय प्रकाश. विषुवदिनाच्या सुमारास पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळ वाढते, दिवस व रात्र जवळपास समान असल्याने किनाराही दिसतो आणि अंधारही मिळतो. त्यात चंद्र नसला तर अधिक बरे. बर्गनहून रोज एक नौका निघते, अकरा रात्रींची फेरी पुरी करून परतते व त्याच संध्याकाळी पुन्हा निघते; म्हणून नौका निवडणे म्हणजे तारीख निवडणे, आणि तारीख निवडणे म्हणजे तिथी निवडणे. चौथ्या दिवशी सकाळी ध्रुववृत्त ओलांडावयाचे आणि दहाव्या दिवशी सकाळी परतताना पुन्हा. उत्तरेच्या रात्री त्या एवढ्याच. त्या वर्षी फाल्गुनी अमावास्या विषुवदिनाच्या अगदी शेजारी आलेली, आणि ‘रिचर्ड विथ’च्या फेरीत ती बरोबर या रात्रींमध्ये बसत होती. कॅपेलाची आधीची फेरी भरून गेलेली. नंतरची घ्यावी, तर तिच्या उत्तरेकडील रात्री शुक्ल अष्टमीच्या पुढे सरकत. मार्चमधील अष्टमीचा चंद्र उत्तरेस इतका सरकलेला असतो की त्या अक्षांशावर तो मावळण्याचे नाव घेत नाही, हे ताईने बोलता बोलता सांगितले.

एवढ्याने पारडे झुकले; निकाल लागला तो आराखड्याच्या एका रेषेवर. ताईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. ध्रुवीय प्रकाश दिसू लागला की केबिनीतील ध्वनिवर्धकावरून सूचना होते, पण तो प्रकाश कोणासाठी थांबत नाही. झोपेतून उठून, गरम कपडे चढवून, जिने वा लिफ्ट गाठून उघड्यावर येईपर्यंत तो विरूनही जातो. ‘रिचर्ड विथ’च्या पाचव्या डेकवर केबिनी आहेत, आणि त्याच डेकवर नौकेला पूर्ण फेरी घालणारा उघडा मार्ग आहे. दार उघडावे, बोळ ओलांडावा, आणि आकाशाखाली यावे. कॅपेलाच्या ज्या केबिनी आम्हांला परवडत होत्या, तेथून उघड्यावर येण्यास लिफ्टवाचून गत्यंतर नव्हते. पाचव्या डेकच्या केबिनींत एक उणेपण आहे, ते असे की खिडकीसमोरून लोक येजा करतात, म्हणून पडदा ओढून ठेवावा लागतो; आणि काकांच्या सल्ल्यापेक्षा ती जागा वर पडते. आम्ही उंचीचा सल्ला सोडला, मध्याचा पाळला, आणि नाव नोंदविले.

प्रवासाचे वर्णन हा या लेखाचा विषय नव्हे, परंतु निवडीची परीक्षा जिथे झाली तेवढे सांगतो. वेस्टफियोर्डात पत्नीला बोट लागली, आणि काकांचे वेस्टफियोर्डावर ठेवलेले बोट मला आठवले. लोफोटेनच्या आडोशाला येताच ती सावरली. ट्रॉम्सो सोडून शेर्वोयच्या वाटेवर असता रात्री सूचना झाली. मी व पत्नी बूट शोधत असताना ताई काठी घेऊन बाहेर पोहोचलीदेखील होती. कठड्याला धरून ती उभी होती, पूर्वेकडच्या डोंगरावरून हिरवा पट्टा उठून माथ्याकडे चालला होता, आणि त्याच्याही वर, मान पूर्ण मागे टाकावी तेव्हा दिसेल अशा ठिकाणी, ध्रुव. “अरे, हा इथे आहे!” एवढेच ती म्हणाली. थंडीने बोटे बधिर होईपर्यंत आम्ही तिथून हललो नाही.

कोणी विचारले, तर मी दोन नौकांविषयी दोन उत्तरे देतो. हिवाळ्यात, आकाशासाठी, आणि जिने चढणे ज्यांना जड जाते अशा वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्याने जुन्या नौकेच्या पाचव्या डेकवरील मध्यावरची केबीन मागावी, व नाव नोंदविण्यापूर्वी पंचांग पाहावे. जूनमध्ये गायरांगर पाहावयास जाणाऱ्यास मात्र मी कॅपेला किंवा तिच्या बहिणींपैकीच एखादी सुचवितो. त्या फियोर्डात धूर न सोडता, आवाज न करता जाणारी नौका उपलब्ध असताना दुसरी घेऊ नये.