रंगभवनातला रॉक

झेव्हियर्स कॉलेजजवळचं धोबीतलावचं रंगभवन हे आमच्या पिढीतल्या रॉकवेड्यांचं हक्काचं ठिकाण. नाट्यगृह सरकारी, वर उघडं आभाळ. १९७८ साली पहिली जॅझ यात्रा इथंच भरली. फरहाद वाडियांनी १९८६ मध्ये सुरू केलेला इंडिपेंडन्स रॉक महोत्सव, म्हणजे आमचा ‘आय-रॉक’, गाजला तोही इथंच. गिरगावातून, वांद्र्यातून, पार डोंबिवलीहून काळे टी-शर्ट घातलेली पोरं यायची आणि दुपारपासून रांग लावायची.

आवाज धड नसायचा. गाणं थांबलं की अँपची घरघर ऐकू यायची. बेस ड्रम पुढं सरकू नये म्हणून त्याच्यासमोर वीट ठेवलेली असायची. एखाद्याची तार तुटली तर पुढच्या बँडचा गिटारिस्ट आपली गिटार काढून द्यायचा. आणि तीही कशी, तर महिनोन् महिने पैसे साठवून घेतलेली! स्पर्धा होतीच, पण वाद्यं सगळ्यांची होती. कोवळ्या बँडला एका संध्याकाळी हजारो लोक ऐकायचे, आवडलं नाही तर हुर्यो उडवून खाली उतरवायचे. त्या भट्टीतून तावून निघालेला बँड मग कुठंच डगमगत नसे.

एक उणीव मात्र मोठी होती. गर्दीला परदेशी बँडची ओळखीची गाणीच हवी असायची. म्हणून १९८८ साली रॉक मशीननं स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, ते मला आजही धाडस वाटतं. हाच बँड पुढं इंडस क्रीड झाला. मग पेंटाग्राम आला, ब्रह्मा आला. २००० नंतर डेमॉनिक रेझरेक्शन, भयानक मौत यांच्यासारखे मेटल बँड उभे राहिले. तोवर जुहूचा रॅझबेरी ऱ्हायनोसेरस क्लब या मुलांचा अड्डा झाला होता.

रंगभवनाच्या आसपास कामा, जी.टी. ही रुग्णालयं. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रुग्णालयाभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि पुढच्या काही वर्षांत इथला रॉक थांबला. आजाऱ्याच्या उशाशी ड्रम बडवू नयेत, हे मला पूर्ण मान्य आहे. चूक झाली ती पुढं. त्या तोडीची, परवडणारी दुसरी जागा शहरानं दिलीच नाही. आय-रॉक अंधेरीच्या चित्रकूट मैदानात गेला, काही वर्षं बंदही पडला, २०२२ मध्ये माझगावात पुन्हा भरला.

आजची पोरं आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं वाजवतात. गाणी स्वतःची, आवाज काचेसारखा स्वच्छ. खोलीत बसून रेकॉर्ड केलेलं गाणं रात्रीत जगभर पोचतं. पण गिग कुठं? खार नाहीतर लोअर परळच्या एखाद्या क्लबात, दोनेकशे माणसांपुढं. तिथं दारू मिळते, म्हणून महाराष्ट्रात एकवीस वर्षांखालच्याला बहुधा दारातूनच परत पाठवतात. ज्या वयात हे संगीत रक्तात भिनतं, नेमक्या त्याच वयाला आज मज्जाव आहे. रंगभवनाच्या दारात वय कुणी विचारलं नव्हतं. सतराव्या वर्षी मी तिथं पुढच्या रांगेत होतो आणि शेजारचा मुलगा तर शाळेच्या दप्तरासकट आला होता.

पार्ल्याचं दीनानाथ, मुलुंडचं कालिदास ही महापालिकेची बंदिस्त नाट्यगृहं आहेत. तिथली एखादी आडवारची संध्याकाळ महिन्यातून एकदा शहरातल्या नव्या बँडना माफक भाड्यात द्यावी, रात्री दहाच्या आत कार्यक्रम संपवावा आणि तिकीट कॉलेजच्या पोराच्या खिशाला झेपेल एवढंच ठेवावं. महापालिकेनं हे मनावर घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.