लंडी खानाचं स्टेशन

सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर गेल्याची बातमी पेपरात आहे. सकाळच्या बॅचला विचारलं, कोण हे? एकही हात वर नाही. ऑपरेशन सिंदूरपासून एस-४०० चा पल्ला न् राफेलची क्षेपणास्त्रं सगळ्यांना तोंडपाठ. माणसांची नावं विचारली की वर्ग गप्प. एनडीएची लेखी परीक्षा १४ सप्टेंबरला, पोर्शन अजून बराच बाकी. तरी थोडा वेळ काढला.

१९६५ च्या युद्धात परुळकरांच्या विमानाला मारा बसला, त्यांच्या उजव्या खांद्याला जखम झाली. लीडरने इजेक्ट व्हायला सांगितलं होतं. त्यांनी मात्र ते मोडकं विमान तळावर आणून उतरवलं. पोरं खूश! मला मात्र त्यांची पुढची गोष्ट सांगायची आहे, अन् ती सगळी जमिनीवरची आहे.

बुधवार, १३ ऑगस्ट

मुद्दाम आजची तारीख साधली. १० डिसेंबर १९७१ ला परुळकरांचं सुखोई-७ पडलं आणि ते रावळपिंडीच्या छावणीत युद्धकैदी झाले. १९७२ साली १२-१३ ऑगस्टच्या रात्री, वादळी पावसात, ते, मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी भिंतीला पाडलेल्या भोकातून निसटले.

नकाशा टांगला आणि विचारलं, आता कुठं जाल? सगळ्यांची बोटं पूर्वेला, भारताकडे. म्हटलं, तिकडेच तर फौजा समोरासमोर उभ्या; शोधही आधी तिकडेच होणार. हे तिघे उलटे गेले. बसने पेशावर, तिथून खैबर खिंड, पलीकडे अफगाणिस्तान.

तयारी काय होती? शाळेच्या अॅटलासमधला नकाशा, सुईला चुंबकत्व देऊन केलेलं होकायंत्र, पाण्यासाठी जी-सूटमधल्या रबरी पिशव्या. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, ही तर सातवीच्या विज्ञानातली सुई." बरोबर आहे. फक्त पहारेकऱ्याच्या नजरेआड करायची होती.

लंडी कोतलला पोचले. सीमा जेमतेम चार मैल. तिथं त्यांनी लंडी खानाची वाट विचारली आणि तिथंच फसले. लंडी खानापर्यंत रेल्वे १९२६ मध्ये गेली होती, पण १९३२ मध्येच इंग्रजांनी ती बंद केली. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेलं स्टेशन विचारणारे हे कोण? लोकांना वाटलं, अफगाणिस्तानमार्गे बांगलादेशात पळणारे बंगाली असावेत. तिघेही पकडले गेले.

गुरुवार, १४ ऑगस्ट

कालचा वाद आजही चालू. एकाचं म्हणणं, विचारायचंच नाही, रस्ता धरून चालायचं. दुसरा म्हणाला, अनोळखी डोंगरात न विचारता चार मैलही चौदा होतात. एसएसबीच्या निवड-मुलाखतीतल्या ग्रुप डिस्कशनला शोभेल असा तास झाला. मी बोललोच नाही.

शेवटी एकानं भिंतीकडे बोट दाखवलं. "सर, आपल्या नकाशात तेलंगणाच नाही." म्हणजे २०१४ च्या आधीचा. यांना हवाई दलात जायचंय, आणि त्यांची दुंडिगलची अकादमी या नकाशात अजून आंध्र प्रदेशात! सुट्टीनंतर औरंगपुऱ्यातून नवा आणायचा. तोवर प्रत्येक नकाशाचं साल आधी वाचायचं, असा वर्गाने नियम केला.

शनिवार, १६ ऑगस्ट

दहीहंडीच्या डीजेमुळे खिडक्या लावून तास घेतला. एनडीएची तयारी करणाऱ्या मुलीने विचारलं, "सर, जे निसटलेही नाहीत आणि परतही आले नाहीत, त्यांचं काय?"

मग फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांच्याबद्दल सांगावं लागलं. तेही सुखोई-७ वरच. ५ डिसेंबर १९७१ ला त्यांचं विमान पडलं. पकडलेल्या भारतीय वैमानिकांत त्यांचं नाव तिकडच्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं. पाकिस्तानने मात्र असे कैदी आपल्याकडे असल्याचं कायम नाकारलं. बेपत्ता धरलेल्या ५४ जणांच्या यादीत ते आहेत. पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, लग्न होऊन दीडेक वर्षच झालं होतं. पुढची सगळी वर्षं त्यांनी या शोधात घातली. २००७ मध्ये नातेवाइकांचा गट पाकिस्तानातले तुरुंग पाहून आला. हाती काही लागलं नाही.

"मग तांबे कमी पडले का?" त्या मुलीने विचारलं.

नाही. एकाच जातीची विमानं, पाच दिवसांच्या अंतराने पडलेली. परुळकर १ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून परतले, तांबे आले नाहीत. हा फरक धाडसाचा नव्हे. आम्ही शिकवणारे मात्र परत आलेल्यांच्याच गोष्टी सांगतो, आणि हिंमत असली की माणूस घरी येतोच, असं पोरांच्या मनात भरवतो. ज्यांना या वाटेने जायचंय, त्यांना हे अर्धंच सांगणं बरं नव्हे. पुढच्या बॅचपासून परुळकर आणि तांबे एकाच तासाला.