सीताबर्डीच्या टेकडीवर

नागपुरांत जन्म घालविलेल्या मनुष्यास सीताबर्डीचा किल्ला दाखवावा लागत नाहीं; तो येतां-जातां दिसतच असतो. परंतु दिसणें निराळें आणि पाहणें निराळें. किल्ला सैन्याच्या ताब्यांत असल्यामुळें २६ जानेवारी, १ मे व १५ ऑगस्ट अशा मोजक्याच दिवशीं तो सर्वांस मोकळा असतो, आणि त्याच दिवशीं आमच्या घरीं नेमकी पाहुण्यांची वर्दळ असते. अशा रीतीनें पुष्कळ वर्षें गेलीं. शेवटीं यंदाच्या प्रजासत्ताकदिनीं धाकट्या नातवाचें बोट धरून मी निघालों. "गुडघ्यांचा विचार करा," असें घरांतून बजावण्यांत आलें. तो विचार मीं टेकडी चढून झाल्यावर केला.

पायथ्याशीं आतां मेट्रोचें स्थानक आहे. टेकडी गणपतीस नमस्कार करून आम्ही रांगेंत उभे राहिलों. शीतलप्रसाद व बद्रीप्रसाद या दोन गवळी बंधूंच्या नांवांवरून हें स्थलनाम झालें अशी कथा सांगतात. व्याकरणाच्या दृष्टीनें ती माझ्या गळीं उतरत नाहीं. तथापि दोघां भावांचीं नांवें एका टेकडीस मिळावीं, ही कल्पना मला आवडते.

टेकडी एक नसून दोन आहेत, एक थोरली व उत्तरेकडची एक धाकटी. हें पाहिल्यावांचून १८१७ ची लढाई समजत नाहीं. वर पोंचल्यावर नातवास मीं दोन्ही दाखविल्या, महालाची दिशा दाखविली, आणि २६ नोव्हेंबरच्या सायंकाळीं भोसल्यांची फौज कोठून आली तें हातवारे करून सांगूं लागलों. त्यानें मध्येंच विचारलें, "पण आजोबा, युद्ध पुकारलें कोणीं?"

वाचकहो, प्रश्न साधा आहे. पण मी थबकलों. वर्गांत पुष्कळ वर्षें मीं या लढाईचीं पांच कारणें फळ्यावर लिहून दिलीं होतीं. एका विद्यार्थ्यानें सहावें लिहिलें होतें, 'दोघे शेजारी होते म्हणून.' त्यावर मीं तांबडी रेघ ओढली. घरीं कौटिल्य उघडून बसणाऱ्या मास्तरानें ती ओढावी, हें विशेष! आचार्यांच्या मंडलांत ज्याची सीमा आपल्या सीमेस भिडलेली, तोच 'अरि', आणि त्याच्या पलीकडचा 'मित्र'. त्या मुलानें अर्थशास्त्र न वाचतां तेंच सांगितलें होतें.

पहिल्या रघूजींच्या काळीं, १७५१ सालीं, ओरिसा भोसल्यांकडे आला आणि नागपूरचें राज्य बंगालला जाऊन भिडलें. पुढें बंगाल कंपनीचा झाला. कलकत्ता कंपनीची, मद्रास कंपनीची, आणि मधला समुद्रकांठ भोसल्यांचा! ज्याला आपल्या दोन खोल्यांमधून जातांना दुसऱ्याचें अंगण ओलांडावें लागतें, त्याची दृष्टि त्या अंगणावर जाणारच. १८०२ च्या अखेरीस पेशव्यांनीं वसईचा तह केल्यावर दुसरे रघूजी व दौलतराव शिंदे निजामाच्या सरहद्दीजवळ तळ देऊन बसले. वेलस्लीनें सांगितलें, तुम्ही परत जा. यांनीं सांगितलें, दोघेही एकदम परत जाऊं. आधीं पाऊल कोणीं मागें घ्यावयाचें, एवढ्यावर महिने गेले. ३ ऑगस्ट १८०३ रोजीं कंपनीचा वकील कॉलिन्स शिंद्यांची छावणी सोडून निघाला, आणि ६ तारखेस वेलस्लीनें युद्ध जाहीर केलें. असई, आडगांव, गाविलगड हीं नांवें प्रत्येकास पाठ आहेत. १७ डिसेंबरच्या देवगांवच्या तहानें कटक प्रांत गेला आणि वर्धेच्या पश्चिमेकडचा मुलूखही गेला.

त्या खेपेस युद्ध रीतसर पुकारलें गेलें होतें, कोणीं व केव्हां तें सांगतां येतें. १८१७ चें तसें नाहीं.

रघूजी असेतोंपर्यंत त्यांनीं कंपनीची तैनाती फौज पत्करली नाहीं. १८१६ च्या मार्चमध्यें ते वारले. पुत्र परसोजी दुर्बल. म्हणून पुतणे आप्पासाहेब कारभार पाहूं लागले. दरबारांत प्रतिपक्ष होता. त्या भयानें आप्पासाहेबांनीं २७ मे रोजीं रात्रीं गुप्तपणें तैनाती तह केला. शास्त्रांत यास 'संश्रय' म्हणतात, बलवंताच्या वळचणीस जाणें. १८१७ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं परसोजी मृतावस्थेंत आढळले व आप्पासाहेब गादीवर आले. गादीवर बसल्यावर वळचण जाचूं लागली, आणि त्यांचें पुण्याशीं संधान सुरू झालें. एकाशीं संधि व दुसऱ्याशीं विग्रह, हा 'द्वैधीभाव'. सहा गुणांपैकीं हा सर्वांत कठीण. कौटिल्यास तो साधला असता, आप्पासाहेबांस साधला नाहीं.

५ नोव्हेंबरला खडकीस पेशव्यांची व कंपनीची लढाई जुंपली. त्यानंतर तिसऱ्याच आठवड्यांत, २४ तारखेस, आप्पासाहेबांनीं पेशव्यांकडून आलेलीं सेनापतिपदाचीं वस्त्रें व जरीपटका भर दरबारांत स्वीकारला. समारंभाचें निमंत्रण रेसिडेंट जेंकिन्स यासही होतें! त्यानें येण्याचें नाकारलें. जूनच्या पुणें तहांत मराठमंडळाचें प्रमुखपद पेशव्यांकडून सोडवून घेतलेलें असल्यामुळें कंपनीच्या मतें तीं वस्त्रें देण्याचा अधिकारच उरला नव्हता. आप्पासाहेबांच्या मतें तीं वडिलोपार्जित मानाचीं होतीं. एक पोषाख दिला गेला, एक निमंत्रण नाकारलें गेलें. युद्धपत्र म्हणून दुसरें कांहीं शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. कंपनीची पलटण तेलंगखेडीच्या बाजूची छावणी सोडून या टेकड्यांवर येऊन बसली, व २६ च्या संध्याकाळीं तोफा सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं अरबांनीं धाकटी टेकडी घेतली तेव्हां पारडें भोसल्यांकडे झुकलें होतें. वर सुमारें चौदाशे, खालीं त्यांच्या कित्येक पट. पण फिट्झगेराल्डच्या घोडेस्वारांनीं मैदानांत हल्ला केला, धाकटी टेकडी परत गेली आणि दुपारपर्यंत सर्व आटोपलें. कंपनीकडील मेलेले व जखमी ३६७. त्यांतील बहुतेक आपल्याच देशाचे शिपाई. आणि नंतर? आप्पासाहेबांचे वकील सांगूं लागले कीं, हल्ला महाराजांच्या आज्ञेवांचून झाला!

नातवास हें कळेल तितकें सांगितलें. तो म्हणाला, "म्हणजे कोणींच नाहीं." मीं मान डोलावली, आणि त्याच वेळीं मनांत भलतीच गोष्ट आली.

आमच्या वाड्याच्या मधल्या भिंतीपलीकडे माझे चुलत बंधु राहतात. मोरीच्या पाण्यावरून कुरबुर होतीच. पण ती सासुरवाडीच्या कुरबुरीसारखी, जेवणाआधीं सुरू होऊन जेवणानंतर संपणारी. अकरा वर्षांपूर्वीं त्यांच्या नातवाच्या मुंजीचें निमंत्रण आलें. अक्षता घेऊन धाकटी सून आली होती, वडीलधारें कोणी आलें नाहीं. मीं तो अपमान मानला व गेलों नाहीं. पुढें भिंतीची मोजणी, मग वकील, मग तारखा. भांडण पुकारलें कोणीं, असें विचाराल तर दोन्ही घरें शपथेवर सांगतील कीं समोरच्यानें.

उतरतांना नातवानें गणपतीपाशीं घंटा वाजविली. आप्पासाहेबांचें पुढें काय झालें, हें त्यास हवें होतें. कैद, मग १८१८ च्या मे महिन्यांत पहाऱ्यांतून पलायन, महादेवाच्या डोंगरांतील दिवस, पंजाब, आणि अखेर जोधपूरच्या आश्रयास राहून १८४० मध्यें मृत्यु, इतकें सांगेपर्यंत आम्ही बर्डीच्या चौकांत आलों. नागपूरचें राज्य १८५४ त खालसा झालें, तें मीं दुसऱ्या दिवसासाठीं राखून ठेवलें.

येत्या वैशाखांत या नातवाची मुंज आहे. रात्रीं निमंत्रणांची यादी काढून बसलों. भिंतीपलीकडचें नांव सौभाग्यवतीनें आधींच शेवटीं लिहून ठेवलें होतें, पेन्सिलीनें. मीं तें शाईनें वर घेतलें, व समोर लिहिलें: 'स्वतः जाणें.' गुडघे अद्याप दुखत आहेत; पण भिंतीला वळसा घालून जाण्यास टेकडी चढावी लागत नाहीं.