झाड उतरवण्याचा दिवस

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वसईतील माझ्या दवाखान्यात काही ज्येष्ठ रुग्ण ठरावीक तक्रारी घेऊन येतात. झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही, अंगात त्राण नाही. रक्तदाब पाहावा तर नेहमीइतकाच. मग मी विचारतो, "नाताळचे झाड उतरवले का? कुणी?" उत्तर बहुधा एकच येते : "मीच, एकटीने."

नाताळच्या झाडाची प्रथा मूळची जर्मन भाषक प्रदेशातली. आपल्या किनाऱ्यावर सूचिपर्णी वृक्ष सहज मिळेना, म्हणून सुरूची फांदी आली. पुढे घडीचे प्लास्टिकचे झाड आले. झाड बदलले, तरी त्याभोवती घरची माणसे जमत राहिली. आता मुले टोरंटोला, मेलबर्नला स्थिरावली आहेत आणि त्यांच्याविना ते जमणेच अवघड झाले आहे.

माझ्या परिचयाच्या एका आजींनी एके वर्षी झाडाचे खोके माळ्यावरून काढायचेच नाही असे ठरवले. "बघायला कोण आहे?" एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या लेकीने आग्रह केला नाही. रविवारी सायंकाळी ७.३०ची वेळ तेवढी ठरवली. टोरंटोत तेव्हा सकाळचे ९ वाजतात. शेजारच्या मुलाने खोके उतरवले. आजी खुर्चीत बसून एकेक वस्तू पडद्यासमोर धरू लागल्या : ही घंटा आजोबांनी आणलेली, हा कापसाचा देवदूत लेकीने तिसरीत असताना केलेला. तिकडे नात वहीत सारे लिहून घेत होती.

खरे शहाणपण पुढेच होते. ६ जानेवारीला तीन राजांचा सण झाल्यावर लेकीने पुन्हा तशीच वेळ काढली. देवदूत कागदात गुंडाळून खोक्यात जाईपर्यंत ती समोर होती. त्या महिन्यात आजी दवाखान्यात आल्या, त्या केवळ गुडघ्याची तक्रार घेऊन.

झाड उभारताना सर्वांना उत्साह असतो. उतरवताना घर रिकामे होते आणि त्याच दिवशी सोबतीची गरज अधिक असते. वृद्धांना केवळ प्रेक्षक करू नये. त्यांच्या हाती काम आणि मुखी आठवणी असू द्याव्यात. मात्र त्यांनी स्टुलावर चढू नये. वरच्या फांद्या इतरांनी सजवाव्यात. दिव्यांच्या माळांच्या तारा वाटेत नसाव्यात. दूरदेशीच्या वेळेसाठी मधुमेही व्यक्तीचे जेवण वा इन्सुलिन पुढे ढकलू नये. उदासी, निद्रानाश किंवा अन्नाचा कंटाळा दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास "वयच झाले" असे न म्हणता डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

परदेशी असलेल्या लेकरांनी दिनदर्शिकेत नाताळाबरोबर झाड उतरवण्याची तारीखही आजच नोंदवून ठेवावी.