घाईचा हात

जोडीतला एक बैल चालता चालता थबकला, की गाडी त्याच्याच अंगाला वळते, कारण दुसरा ओढतच असतो. हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दोन पंखांवर दोन इंजिने असलेल्या विमानाचेही तसेच असते, हे मला मात्र गेल्या दिवाळीत कळले.

माझी पुतणी विमान चालवायला शिकते आहे. ओसरीवर फराळ करताना मी तिला सहज विचारले, "वर गेल्यावर एक इंजिन बंद पडलं तर गं?"

ती म्हणाली, "काका, मोठं प्रवासी विमान एका इंजिनावरही सुखरूप उतरवता येतं. नडते ती घाई."

मग तिने रीत सांगितली. उजवे इंजिन गेले तर विमानाचे नाक उजवीकडे वळते. वैमानिक डाव्या पायाने सुकाणू दाबून ते सरळ धरतो. वेग पडू देत नाही, कारण वेग फार पडला तर सुकाणूचेही काही चालत नाही. जो पाय रिकामा, त्या बाजूचे इंजिन गेलेले. पण तेवढ्यावर ते बंद करायचे नाही. आधी त्याचा दांडा हळूच मागे घ्यायचा. काही फरक पडला नाही, तरच ते मेलेले समजायचे.

"आणि चुकलं तर?"

तिने १९८९ सालची हकीकत सांगितली. ८ जानेवारीच्या रात्री लंडनहून बेलफास्टला निघालेल्या बोइंग विमानाच्या डाव्या इंजिनाचे पाते तुटले. विमान थरथरू लागले, आत धूर आला. वैमानिकांनी घाईत उजवे, म्हणजे धडधाकट इंजिन मंद केले. योगायोगाने थरथर कमी झाली. निदान बरोबर आहे असे वाटून त्यांनी ते बंदच केले. उतरताना जोर लागला, तेव्हा डावेही गेले. केगवर्थ गावाजवळ, धावपट्टीच्या अलीकडे विमान आदळले. १२६ पैकी ४७ माणसे दगावली.

"उजवं इंजिन बिघडलंय, असं वैमानिकानं सगळ्यांना सांगितलं होतं, काका. डावीकडच्या ठिणग्या काही प्रवाशांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पण वैमानिकाला कुणीच सांगितलं नाही."

माझ्या हातातला लाडू हातातच राहिला. वाचकहो, मला एक कपाशीचे शेत आठवले.

बारा-तेरा वर्षे झाली. पावसाने मोठा खंड दिला होता. मी बांधावरूनच पाहिले, झाडांनी माना टाकल्या होत्या. "ताण बसलाय, पाणी द्या," असे सांगून मी फटफटीला किक मारली. मालकाची म्हातारी आई खुरपे घेऊन उभी होती. तिने बोलायला तोंड उघडले आणि पदर सावरून गप्प राहिली.

त्या रात्री त्यांनी पाणी सोडले. आठ दिवसांत निम्मी कपाशी वाळली. मी पुन्हा गेलो, तेव्हा म्हातारी म्हणाली, "आदल्या दिशीच भरपूर पाणी दिलं हुतं, साहेब. पण तुम्ही शिकलेली माणसं. म्हटलं, तुम्हाला ठावं असंल."

लांब खंडानंतर एकदम जास्त पाणी झाले, की मुळांचा श्वास कोंडतो आणि कपाशी तहानल्यासारखीच कोमेजते. तिला आम्ही आकस्मिक मर म्हणतो. तेव्हा पाणी द्यायचे नसते, चर काढून साचलेले बाहेर घालवायचे असते. पुस्तकातले हे मला पाठ होते. मी फक्त बांधावरून खाली उतरलो नव्हतो. त्या कपाशीच्या भरवशावर घरात लग्न ठरले होते. ते वर्षभर लांबले.

आता मी शेतात शिरतो, दोन ठिकाणी माती उकरून मुठीत दाबून पाहतो, आणि घरच्या बायकांना विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही.

तुमच्या बांधावर कोणी साहेब आला आणि त्याचे बोलणे तुमच्या डोळ्यांना पटले नाही, तर गप्प राहू नका. त्याला थांबवा. ठिणग्या तुम्हाला दिसत असतात.